देवाचा दिवा मोजायचा राहिला

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "मेस्त, विजेच्या गाडीतली ती छोटी बॅटरी किती वर्षं टिकते, तेवढं दोन पानांत लिहून द्या. लोक विचारतात." मी म्हटलं, त्याला दोन पानं कशाला? एक ओळ पुरे. साधारण तीन ते पाच वर्षं, आणि आपल्या गोव्याच्या उकाड्यात तीन-चार धरून चाला. झाला लेख! पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. कारण हे उत्तर जितकं खरं, तितकंच अर्धवट आहे, आणि उरलेलं अर्धं शिकताना माझ्या हातून एका माणसाचं घर सुटायची वेळ आली होती. म्हणून हे सगळं लिहितो.

मी गुणाजी. डिचोलीत माझं बॅटरीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. आम्ही मूळ दोडामार्गकडचे. खाणी चालू असताना वडील इकडे आले आणि मी खाणीच्या ट्रकांच्या बॅटऱ्या करत करत म्हातारा झालो. ॲसिडनं पँटीला पडलेली भोकं हीच माझी पदवी. दुकानातून एकही बॅटरी मी तिच्या पाठीवर तारीख लिहिल्याशिवाय बाहेर सोडली नाही. पांढऱ्या रंगानं, माझ्या हातानं. गिऱ्हाईक म्हणायचं, "गेल्या वर्षीच तर घातली होती." मी पाठ दाखवायचो. तीन वर्षं झालेली असायची. माणसाला आपल्या लग्नाची तारीख आठवत नाही, बॅटरीची कुठून आठवणार?

आता विजेच्या गाडीचं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, हिच्यात एकच मोठी बॅटरी. नव्हे हो. हिच्यात दोन असतात. एक थोरली, गाडीच्या पोटाखाली पसरलेली. ती चाकं फिरवते. दुसरी धाकटी, बॉनेटखाली कोपऱ्यात बसलेली, तीच आपली जुनी बारा व्होल्टची. कुलपं, दिवे, हॉर्न, काचा, आतला संगणक, सगळी घरकामं हिच्याकडे. आणि मुख्य म्हणजे, थोरलीचं दार उघडायची किल्ली धाकटीच्या कमरेला. सकाळी तुम्ही बटण दाबता तेव्हा आधी धाकटी उठते, ती थोरलीला उठवते, मग थोरली गाडी चालवते आणि चालता चालता धाकटीला दोन घास भरवते. धाकटी मेली, की थोरली पोट भरून झोपलेली असली तरी गाडी म्हणजे निव्वळ पत्रा. बटण दाबून दारसुद्धा उघडत नाही. चार्जिंगची वायर लावाल तर तीही घेत नाही.

मोपाच्या विमानतळाबाहेर एक टॅक्सीवाला असाच माझ्यावर ओरडला होता, "मेस्ता, तीनशे किलोमीटरांचा चार्ज आसा, आणि गाडी माका आत घेईना!" पेडण्याच्या एका तारवट्याची गाडी तर तो बोटीवर गेला की सात-सात महिने अंगणात उभी. परत आला की बॅटरी खलास, आणि शिव्या कंपनीला. अरे बाबा, उभी गाडीसुद्धा थोडं थोडं पीत असते. कुलूप जागं असतं, पहारा जागा असतो. काही गाड्या उभ्या असतानाही थोरलीकडून धाकटीला आपण होऊन भरवतात, काही नाही भरवत. बॅटरी वर्षांनी मरत नाही, उपासानं मरते. लेड-ॲसिडची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या आत तिची हाडं धरतात, आणि मग कितीही पाजा, अंगी लागत नाही.

आणखी एक. पेट्रोलची गाडी मरायच्या आधी सांगते. महिनाभर आधी सकाळी कुंथते, खोकते, आपण म्हणतो, आता बॅटरी बघायला हवी. विजेच्या गाडीत स्टार्टरच नाही, तर कुंथणार काय? आज संध्याकाळी ठणठणीत, उद्या सकाळी खल्लास. नवीन गाड्या कधीकधी पडद्यावर इशारा देतात म्हणतात. मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी दिला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही जे केलं ते आता सांगतो.

आत्माराम माझा खाणीच्या दिवसांपासूनचा दोस्त. कोरगावचा. तो ट्रक चालवायचा आणि मी त्याच्या बॅटऱ्या बघायचो. त्याच्या ट्रकात काचेपाशी रवळनाथाचा फोटो आणि त्याच्यापुढे पितळी बैठकीवर तांबड्या काचेचा इवलासा विजेचा दिवा. त्या काळी प्रत्येक ट्रकात असा दिवा असायचा आणि तो मीच बसवायचो. वायर सरळ बॅटरीवर. किल्लीवर नाही! किल्ली काढली तरी देवाचा दिवा विझता कामा नये, असा ड्रायव्हरांचा दंडकच. ट्रकाच्या बॅटऱ्या दोन, भल्याथोरल्या, आणि ट्रक रोज दिवसभर धावायचा. त्यांना त्या दिव्याचं काय ओझं? हत्तीच्या पाठीवर मुंगी.

आत्माराम सकाळी ट्रकात चढला की आधी दिव्याकडे बघायचा. नमस्कार करायचा आणि मग किल्ली फिरवायचा. एकदा मला म्हणाला, "गुणा, दिवो मंद आसा, बॅटरी बघ." मी हसलो. मीटर लावला, तर खरंच एक बॅटरी बसत चालली होती. मीटरच्या आधी त्याच्या डोळ्याला कळलं. खाणी बंद पडल्यावर ट्रक भंगारात गेला त्या दिवशी मी तिथे होतो. भंगारवाला काटा लावून उभा, आणि आत्माराम आत बसून स्क्रू काढतोय. दिवा आणि फोटो घेऊन खाली उतरला. मागे वळून पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले होते, त्याचे नाही. तो म्हणाला, "पत्र्याक काय रडायचा?"

पुढे त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी सकाळी, म्हापशाला डायलिसिस. त्याची मुलगी सुलभा कोरगावच्याच शाळेत शिकवते, शाळा दुपारची. तिनं कर्ज काढून विजेची गाडी घेतली, खास बापासाठी. शाळेत स्वतः चालत जायची. गाडी फक्त बुधवार आणि शनिवार. इतर दिवशी अंगणात आंब्याखाली.

आत्माराम डायलिसिसला 'चार्जिंग' म्हणायचा. "आयतवारी गाडी चार्जिंगाक लायतत, बुधवारी माका," असं म्हणून स्वतःच हसायचा. पण गाडीत बसायला खळखळ करायचा. सुलभानं मला फोन केला, "गुणाकाका, बाबा गाडीत नीट बसत नाहीत. सारखे काचेकडे बघतात. विचारलं तर म्हणतात, दिवो खंय आसा?"

दुसऱ्याच दिवशी मी स्कूटरवरून कोरगाव गाठलं. आत्मारामची बायको, शालीवैनी, कपाटातून फडक्यात बांधलेला तो दिवा घेऊन आली. बैठक चिंचेनं घासून लखलखीत केलेली. ट्रकाचा बल्ब चोवीस व्होल्टचा, तो मी काढला, बारा व्होल्टचा तीन वॉटचा घातला, फोटो चिकटवला आणि वायर नेली सरळ धाकट्या बॅटरीवर. मधे वेगळा फ्यूज, टेप गुंडाळून काम चोख. चाळीस वर्षांची हाताची सवय हो. हात चालत होते आणि डोकं चहाची वाट बघत होतं. दिवा पेटला. आत्माराम बलकांवच्या, म्हणजे दारापुढच्या पडवीच्या, सोप्यावर बसला होता, तिथून त्याला गाडीतला तांबडा ठिपका सरळ दिसायचा. त्यानं नुसते हात जोडले. शालीवैनीनं मला घावणे वाढले आणि मी मोठं पुण्य केल्यासारखा घरी आलो.

चार महिन्यांनी एका बुधवारी गाडी उघडेना. कंपनीच्या वर्कशॉपमधून बेळगावकडचा एक तरुण आला. आधी त्यानं आत डोकावून रवळनाथाला नमस्कार केला, मग बॉनेट उघडलं. बॅटरी तपासली, मेली होती. त्यानं सुलभाला विचारलं, "मॅडम, बाहेरून काही जादा बसवलंय का? कॅमेरा, म्युझिक, दिवे?"

"काही नाही," सुलभा म्हणाली. "सीटकव्हरसुद्धा कंपनीचंच आहे."

खोटं नव्हती बोलत ती. तिच्या मनात तो दिवा म्हणजे 'बसवलेली वस्तू' नव्हताच. तो देव. वर्कशॉपवाल्यानं वॉरंटीत नवी बॅटरी घातली आणि गेला. सुलभानं मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो असेन? "आजकाल बॅटऱ्यांत शिसंच घालत नाहीत गं, पाणी विकतात पाणी!" असं म्हणून वर आणखी आजकालच्या पोरांना दोन शिव्या घातल्या.

पुढच्या तीन महिन्यांतच दुसरी गेली, आणि ती शनिवारी गेली. बुधवारी कदाचित निभावलं असतं, कारण दवाखान्यात बुधवारी गर्दी कमी. शनिवारी सगळ्या खाटा लागलेल्या. गाडी उघडेना, टॅक्सी मिळेना, शेवटी शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोत पुढे बसवून सुलभा त्याला घेऊन गेली. पोचेपर्यंत त्याची पाळी दुसऱ्याला दिलेली. दुपारी उशिरा अर्धी पाळी मिळाली. सोमवारपर्यंत पाय सुजले, उताणं झोपता येईना, धाप लागायला लागली. पणजीला राहणारा आत्मारामचा मुलगा धावत आला. चांगला मुलगा आहे, वाईट नाही. तो म्हणाला, "पुरे झालं. माझ्या फ्लॅटपासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. आई-बाबा दोघंही पणजीला चला. रविवारी न्यायला येतो."

आत्मारामनं कोरगाव सोडलेलं मला आठवत नाही. तो खाणीवर दिवसभर ट्रक चालवायचा आणि कितीही उशीर झाला तरी घरी यायचा. काजू त्याचे, आंबा त्याचा, समोरचं रवळनाथाचं देऊळ त्याचं. चौथ्या मजल्यावर बसून तो काय बघणार? पण पोराला काय उत्तर देणार? गाडी भरवशाची नाही आणि ह्याचा जीव तिच्यावर लोंबकळत होता.

सुलभानं मला फोन केला. "काका, रविवारी सकाळी याल? दादा अकराला येणार आहे. तुम्हाला काही सापडलं तर सापडलं, नाहीतर..."

मी सातलाच पोचलो. वर्कशॉपवाल्यांनी गुरुवारी तिसरी बॅटरी घालून दिली होती. आत्माराम सोप्यावर शाल पांघरून. चेहरा सुजलेला. मला बघून म्हणाला, "इलंस? माका पाठवणी करूक इलंस काय?" मी म्हटलं, गप बस, आणि बॉनेट उघडलं.

गाडी उभी असताना बॅटरीतून किती प्रवाह गळतो हे बघायची एक पद्धत असते. बॅटरीची एक वायर सोडायची, मधे मीटर घालायचा, गाडी पूर्ण झोपेपर्यंत थांबायचं आणि आकडा बघायचा. मी वायर सोडली.

सोप्यावरून आत्माराम ओरडला, "गुणा, दिवो गेलो रे!"

"रव जरा. मागीर पेटतलो," मी म्हटलं.

मीटर मधे घातला. गाडी झोपली. आकडा आला पाव अँपिअरच्या जरा वर. पाव अँपिअर! म्हणजे नळाला लागलेला थेंब. पण तीन दिवस थेंब गळला तर धाकटीचं अर्धं पोट रिकामं, आणि म्हापशाला जाऊन यायच्या दीड तासात ते भरत नाही. दर आठवड्याला अर्धपोटी. मरणारच ती. मी खूश! चोर सापडल्यातच जमा. आता एकेक फ्यूज काढायचा, ज्या फ्यूजला आकडा पडेल तो चोर. कुलूप काढलं, आकडा तोच. हॉर्न, तोच. पडदा, रेडिओ, मागचा कॅमेरा, सगळं काढलं, तोच. साडेआठ झाले. नऊ झाले. मी घामाघूम. कुठे वायर उंदरानं कुरतडली का म्हणून परत बॅटरी सोडली.

"गुणा, दिवो परत गेलो!"

"अरे, जाऊ दे ना दिवो! हांव हंय मरतंय आणि तुका दिव्याचा पडला!"

परत जोडली. परत तेवढाच आकडा. मनात मी गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साडेनऊला तिसऱ्यांदा सोडली, आणि या वेळी आत्माराम ओरडला नाही. शांतपणे, मला समजावल्यासारखा म्हणाला, "गुणा. सगळा काढलंस तरी दिवो पेटतोच आसा. फक्त बॅटरी सोडलंस की जाता."

मी पाना हातात धरून उभाच राहिलो.

काच खाली होती. रवळनाथ माझ्याकडे बघत होता. तीन वॉटचा बल्ब. बारा व्होल्ट. तीन भागिले बारा. पाव. मी वाकून दिव्याची वायर सोडली आणि मीटरकडे पाहिलं. आकडा जवळजवळ शून्यावर.

माझ्याच हातची वायर. माझाच फ्यूज. माझीच टेप. दोन तास गाडीतली एकूणएक वस्तू मी मोजली आणि देव मोजायचा राहिला. सुलभाच्या तोंडी आला नाही, वर्कशॉपच्या पोराच्या डोळ्याला दिसला नाही, त्यांचं मी समजू शकतो. पण ज्यानं बसवला त्यालाही? चाळीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या मला? लाज वाटली. खोटं कशाला सांगू, एक क्षणभर मनात आलं, गुपचूप वायर तोडावी, म्हणावं उंदीर होता. मग आत्मारामचे सुजलेले पाय दिसले.

मी सोप्यावर गेलो, सुलभाला आणि वैनीला बोलावलं आणि सांगून टाकलं. "बॅटरी दिव्यानं खाल्ली. दिवा मी लावला. ट्रकासारखा लावला, आणि ही ट्रक नव्हे हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन बॅटऱ्या आणि तो शनिवार, सगळं माझ्या माथ्यावर."

सुलभा खालच्या आवाजात म्हणाली, "काका, त्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले होते, दिवो मंद झालो. मी म्हटलं, बाबा, ही नवीन गाडी आहे, काही असेल तर पडद्यावर येईल." आणि ती रडायला लागली. आत्मारामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अहो, म्हणजे बघा! विजेची गाडी जो इशारा देत नाही, तो त्याला आदल्या दिवशी मिळाला होता. दिवाच चोर आणि दिवाच राखणदार. आणि तो ओळखणारा माणूस सोप्यावर बसून सांगत होता, पण आम्ही सगळे शहाणे पडद्याकडे बघत होतो.

प्रश्न होताच. दिवा काढला तर बॅटरी वाचते, पण दिव्याशिवाय आत्मारामचं मन गाडीत बसत नाही. मी भीत भीत म्हटलं, "किल्लीवर जोडतो. गाडी चालू तेव्हा दिवा चालू. बंद झाली की..." आणि थांबलो. देवाचा दिवा विझवायचा हे कोणत्या तोंडानं सांगू?

आत्माराम देवळाकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला, "गुणा, देवळात रवळनाथाक रातचे निजयतत मां? शेजारती करतत, दार लायतत, सकाळी परत उठयतत. मगे गाडयेतलोच रात दीस जागो कित्याक? तेकाय निजू दी रे. म्हातारो झालो तो पण."

मी हसलो की रडलो, आठवत नाही. किल्लीवर नाही, मी दिव्याला वेगळं बटण दिलं, आत्माराम बसायचा त्या जागेच्या उजव्या हाताशी, ट्रकाच्या जुन्या बटणांतलंच एक, टक् आवाज करणारं. दिव्याला उठवायचं काम त्याचं, निजवायचंही त्याचं. आणि सुलभाला सांगितलं, प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी गाडी चालू करायच्या आधी बाबांना दिवा लावून बघू दे. बाबा म्हणाले ठीक, तर ठीक.

अकराला मुलगा आला. बॅगा भरून ठेवलेल्या नव्हत्या. मी त्यालाही सगळं सांगितलं, चुकीसकट. तो अभियंता आहे. मीटरचा आकडा त्यानं दोनदा स्वतः बघितला, दिव्यासह आणि दिव्याविना. मग बापाकडे बघून म्हणाला, "एक महिना बघू." तो महिना पुढे कुणी मोजलाच नाही. सोमवारी मी म्हापशाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्या बेळगावच्या पोराला सांगितलं की तुमची बॅटरी चांगली होती, चूक माझी. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "काका, मी तर त्या दिव्याच्या पाया पडलो होतो की!"

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या घरात एक छोटा सोहळा व्हायचा. आत्माराम काठी टेकत गाडीत जाऊन बसायचा, टक् करून बटण दाबायचा, दिव्याकडे डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "फाल्यां सकाळी जाव्या." परत बंद करताना म्हणायचा, "निज रे देवा." डायलिसिसहून परत आल्यावरही तेच. थकून पार गळून गेलेला असायचा, पण उतरण्याआधी बटण तोच दाबणार. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचा चाळा. तो ड्रायव्हर होता हो. खाण गेली, ट्रक गेला, किडन्या गेल्या, आणि मग त्याच्या हातात परत गाडीतलं एक काम आलं होतं. पाठ ताठ व्हायची त्याची.

ती बॅटरी साडेतीन वर्षं टिकली. एकदाही दगा दिला नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, "गुणा, दिवो मंद आसा." सुलभा मागून म्हणत होती, गाडी अगदी छान चालतेय काका, पडद्यावर काही नाही. मी वाद घातला नाही. नवी बॅटरी स्कूटरला बांधली आणि गेलो. मीटर लावला. जुनी खरंच बसत चालली होती, आठवडाभर चालली असती फार तर. गोव्यात एवढ्या विजेच्या गाड्या आहेत, पण एक दिवस आधी नोटीस मिळणारी ती एकच असेल. नव्या बॅटरीच्या पाठीवर मी पांढऱ्या रंगानं तारीख लिहीत होतो, तेव्हा आत्माराम काठीवर हनुवटी टेकून बघत होता. म्हणाला, "बरी मोठ्या अक्षरात लिही. ही माझ्यापरास जास्त टिकतली."

"गप रे," मी म्हटलं. "तुझी वॉरंटी अजून बाकी आहे."

नव्हती. त्या वर्षीची चतुर्थी त्यानं बघितली, दसरा बघितला. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ स्वतः घातली. नंतरच्या एका मंगळवारी दुपारी, आपल्या घरात, आपल्या खाटेवर, देऊळ दिसतं त्या जनेलापाशी तो गेला. पणजीच्या चौथ्या मजल्यावर नाही. मला त्याचं एवढंच समाधान, आणि ते कमी नाही.

पाचव्या दिवशी सुलभाचा फोन. "काका, दिवसकार्याचं सामान आणायला जायचंय आणि गाडी उघडत नाहीये." माझ्या मनात आलं, नवीकोरी बॅटरी, असं कसं? गेलो. रिमोटच्या पोटात लपलेली साधी किल्ली काढून दार उघडलं. आत बघतो तो दिव्याचं बटण खाली. दिवा लावलेलाच, इतका मंद की आत फक्त तार दिसत होती. आणि त्याच्यासमोर रवळनाथाचा फोटो नव्हता. नुसता दिवा.

"बटण कोणी दाबलं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. सवय हो, जात नाही.

शालीवैनी दारात उभी होती. "मिया दाबलंय," ती म्हणाली. "देवासाठी नाय. सुतक आसा, देवाचो फोटो मी काढून शेजाऱ्याकडे दिलंय. तेच्यासाठी लायलंय. घरात समई आसा, ती सगळ्यांचीच आसता. पण हो जलमभर ह्याच दिव्याकडे बघून भायर पडलो. आता एकटोच गेलो. तेका वाट दिसाक नको?" मग माझ्याकडे बघून, गुन्हेगारासारखी, "तेरा दीस रवतली मां रे ही बॅटरी? की मी मारलंय तिका?"

अशी रिकामी ठेवली तर बॅटरी मरते, हे मी या लेखात वर लिहिलंय. गिऱ्हाइकांना मी चाळीस वर्षं तेच बजावत आलो आणि त्यासाठी भांडलोसुद्धा. त्या दिवशी मी म्हटलं, "रवतली वैनी. रवना तर मी हय आसंय."

स्कूटरच्या पेटीतून चार्जर काढला, बलकांवच्या प्लगमधून वायर अंगणभर ओढली आणि धाकटीला लावला. हळूहळू दिवा तांबडा झाला. सामान आणायला सुलभाला शेजाऱ्याचा तोच भाजीचा टेम्पो मिळाला. गाडी आणि चार्जर मी तिथेच सोडून आलो. दुकानात मुलानं विचारलं, चार्जर कुठे? मी म्हटलं, कामावर आहे.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी चार्जर न्यायला अंगणात आलो. शालीवैनी गाडीत बसली होती, आत्मारामच्या जागेवर. इतक्या वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. तिनं दिव्याकडे बघितलं. मग टक् करून बटण वर केलं.

"निज आता," ती म्हणाली.

मी चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.